परवाना मिळाला, पिस्तूल आलं. आता ते अंगावर बाळगायचं कसं?

प्रश्न : माझं वय चाळीस. व्यवसायामुळे रात्री उशिरा एकटाच घरी परततो, बऱ्याचदा रोकड बरोबर असते. मागच्या वर्षी दोघांनी वाटेत अडवलं, चाकू दाखवला आणि बॅग घेऊन पळाले. त्यानंतर रीतसर अर्ज केला, चौकशी झाली, परवाना मिळाला आणि एक छोटं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल घेतलं. प्रशिक्षण झालं, पण तेवढ्यास तेवढं. आता पिस्तूल रोज बरोबर असतं. कधी पँटच्या कमरेला खोचतो, कधी लॅपटॉपच्या बॅगेत टाकतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या ज्या खोबणीतून गोळी सुटते तिथे, आधीच गोळी ठेवावी की नाही यावर मित्रांमध्ये दोन तट आहेत. ठेवली तर धास्ती वाटते, न ठेवावी तर मग बाळगायचं कशाला असं वाटतं. होल्स्टर, म्हणजे पट्ट्याला लावायचं पिस्तुलाचं आवरण, घ्यायलाच हवं का? कोणतं घ्यावं? शर्टाखालून दिसू नये म्हणून काय करू? घरात सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. बायकोला हे अजिबात मान्य नाही. ती म्हणते, ‘तुमची काळजी मिटावी म्हणून आणलंत, आणि आता मला चौघांची काळजी लागली.’ तिला काय सांगू?

उत्तर : तुमचे बाकीचे प्रश्न सावकाश घेऊ. पण ‘कमरेला खोचतो’ हे आजच बंद करा. होल्स्टर नसेल तर पिस्तूल अंगावर घ्यायचं नाही. यात अपवाद नाही, ‘एवढं कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ असंही नाही.

कमरेला खोचलेल्या पिस्तुलाचं काय होतं ते जगाने एकदा ठळकपणे पाहिलं आहे. प्लॅक्सिको बरेस हा अमेरिकन फुटबॉलमधला नावाजलेला खेळाडू. २००८ च्या फेब्रुवारीत सुपर बोल या तिथल्या अंतिम सामन्यातला निर्णायक टचडाउन त्याचा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये गेला, भरलेलं पिस्तूल पँटच्या कमरेला नुसतं खोचून. ते पायावरून खाली घसरायला लागलं, सावरायला त्याचा हात गेला आणि गोळी त्याच्याच मांडीत शिरली. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बाळगण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता, म्हणून २००९ मध्ये दोन वर्षांची कैद झाली. तो कोणावर चालून गेला नव्हता, कोणी त्याच्यावर चालून आलं नव्हतं. पिस्तुलाचं एक साधं घसरणं, आणि माणूस आधी दवाखान्यात, मग तुरुंगात.

यातला सावरायला गेलेला हात नीट लक्षात घ्या. पडणारी वस्तू झेलायला आपला हात विचार न करता जातो, आणि पिस्तुलाच्या बाबतीत झेलणाऱ्या हाताचं बोट जिथे अडकतं ती जागा ट्रिगरची असते. म्हणून शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे आधी वदवून घेते : पिस्तूल हातातून सुटलं तर सुटू द्या, जमिनीवर पडू द्या, मग उचला. चांगल्या बनावटीच्या आधुनिक पिस्तुलांत पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी आतमध्ये अटकाव असतो. जुन्या रिव्हॉल्व्हरचं तसं नाही. कित्येक जुन्या बनावटींत हॅमर, म्हणजे मागची आपटणारी हातोडी, थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो, आणि हॅमरवर आपटलं की गोळी सुटू शकते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली, ती बातमी तुम्ही वाचली असेल. ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटून पडलं आणि गोळी सुटली, असं त्यांच्याकडून तेव्हा सांगण्यात आलं. घरात वडिलोपार्जित रिव्हॉल्व्हर असलेल्या वाचकांनीही हे ध्यानात घ्यावं. ते आधी जाणकार बंदूक-कारागिराला दाखवा. तोवर त्यात काडतूस घालू नका.

आता होल्स्टर. त्याची तीन कामं आहेत आणि ती त्याच क्रमाने महत्त्वाची आहेत. ट्रिगर दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकणं, पिस्तूल घट्ट धरून ठेवणं, आणि पिस्तूल रोज त्याच जागी, त्याच कलाने ठेवणं. लोक मात्र उलटीकडून सुरुवात करतात. आधी विचारतात दिसणार नाही ना, मग विचारतात टोचणार नाही ना, आणि ट्रिगरचं कोणी विचारतच नाही. तुमच्या पिस्तुलाच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेलं, कडक, तोंड मिटत नाही असं होल्स्टर घ्या. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकच्या पत्र्याची होल्स्टर याच कारणाने चालतात. ती पिस्तुलाच्या आकाराला साच्यात बसवलेली असतात आणि पिस्तूल बाहेर काढलं तरी आकार सोडत नाहीत. जाड, कडक चामड्याचंही उत्तम असतं. मात्र वापरून मऊ पडलेल्या चामड्याची घडी आत वळते आणि पिस्तूल परत सरकवताना बोटासारखी ट्रिगरवर दाबते. ‘सगळ्या पिस्तुलांना बसेल’ असं सांगून विकतात ते कापडी पाकीट घेऊ नका. सगळ्यांना बसणारं होल्स्टर तुमच्या पिस्तुलाच्या ट्रिगरला बसलेलं नसतं.

होल्स्टर आणल्यावर त्याची परीक्षा घ्या. पिस्तूल पूर्ण रिकामं करा, मॅगझीन म्हणजे मुठीतली काडतुसांची डबी काढा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून या. मग पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून बाहेरून ट्रिगरच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. आत ट्रिगर हलल्याचं किंचितही जाणवलं तर ते होल्स्टर बाद. गादीवर उलटं धरून झटका. पडलं तरी बाद. मग पट्ट्याला लावून बसा, वाका, बुटाची नाडी बांधा, जिना पळत चढा. पट्टा जाड आणि ताठ लागतो. नेहमीचा लवचीक पट्टा पिस्तुलाच्या वजनाने खाली लोंबतो आणि मग दिवसभर हात तिकडे जात राहतो.

कुठे लावायचं? उजव्या हाताने चालवत असाल तर उजव्या कमरेवर, पँटच्या बाजूच्या शिवणीच्या जरा मागे. सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. पोटाच्या पुढच्या बाजूला लावणं सध्या फार लोकप्रिय आहे. हात लवकर पोचतो, झाकलं चांगलं जातं, हे खरं. पण तिथे नळीचं तोंड जांघेतल्या मोठ्या धमनीकडे रोखलेलं असतं, आणि ती धमनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. शिकाऊ माणसाने ती जागा घेऊ नये. पाठीच्या मधोमध तर कोणीच लावू नये. पाठीवर पडलात तर लोखंड थेट मणक्यावर, आणि मागून कोण हात घालतो ते दिसतही नाही.

ज्या क्षणी सर्वांत जपायला हवं तो क्षण पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवण्याचा. बाहेर काढण्याची घाई असू शकते, परत ठेवायची घाई जगात कोणालाच नसते, आणि तरीही लोक ते न बघता, टक्कन आवाज येईल असं खुपसतात. शर्टाचा काठ बोटभर आत जातो. पावसाळी जाकिटाच्या कमरेला नाडी असते, तिच्या टोकाला प्लास्टिकचा मणी असतो. तो मणी होल्स्टरच्या तोंडाशी अडकला की वरून दाबणारा हात स्वतःच ट्रिगर ओढतो. बोटाची तर गरजच उरत नाही. नेमबाजीच्या रेंजवर मी विद्यार्थ्यांना रिकाम्या पिस्तुलाने ही कृती इतकी सावकाश करायला लावते की काही जण वैतागतात. बोट ट्रिगरपासून दूर, स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, कडेला सरळ. डाव्या हाताने शर्ट मुठीत धरून छातीपर्यंत वर. मान वळवून होल्स्टरच्या तोंडाकडे बघायचं, आत काही नाही याची खात्री करायची. मग हळूहळू खाली. वाटेत जरा जरी अडलं तरी जोर न लावता थांबायचं, पिस्तूल वर काढायचं, पुन्हा बघायचं. हॅमरवाल्या पिस्तुलावर अंगठा हॅमरवर ठेवायचा, म्हणजे तो मागे यायला लागला तर अंगठ्याला कळतं.

सकाळ-संध्याकाळसाठी याहून सोपी वाट आहे. होल्स्टर अंगावरून काढा, पिस्तूल त्यात घाला, मग दोन्ही मिळून एकच वस्तू असल्यासारखं पट्ट्याला लावा. रात्री तसंच, होल्स्टरसकट काढून कुलपात. अशाने ट्रिगर सगळा वेळ झाकलेला राहतो.

चेंबरच्या प्रश्नावर तुमच्या मित्रांचे दोन्ही तट काही ना काही खरं बोलतात. रोज शस्त्र बाळगणारे बहुतेक प्रशिक्षित लोक चेंबर भरलेलं ठेवतात, आणि त्यांचं कारण भक्कम आहे. हल्लेखोर अंगाशी आलेला असतो, तुमचा एक हात त्याला रोखण्यात गुंतलेला असतो, अशा वेळी स्लाइड ओढायला दुसरा हात मिळेलच असं नाही. त्यात स्लाइड ओढायलाही वेळ लागतो. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातले प्रशिक्षक डेनिस टुलर यांनी १९८३ मध्ये लिहून दाखवलं की धावत येणारा चाकूधारी २१ फूट म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर दीडेक सेकंदात कापतो. होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेमका नेम धरायला सरावलेल्या माणसालाही तेवढाच वेळ लागतो.

दुसरीकडे, ग्लॉक या बनावटीच्या पिस्तुलापासून पुढे आलेल्या बहुतेक छोट्या पिस्तुलांना अंगठ्याने लावायची सेफ्टी नसते. आतले अटकाव असतात, पण ते ट्रिगर मागे ओढला जाताना एकेक करून बाजूला होतात. ट्रिगर कोणी ओढला, बोटाने की शर्टाच्या काठाने, हे त्यांना कळत नाही. म्हणजे चेंबर भरलेलं ठेवायचं तर सगळी भिस्त होल्स्टरवर आणि तुमच्या हातावर. तुमच्याकडे होल्स्टर नाही आणि हात अजून तयार नाही. तेव्हा तुमच्यापुरतं माझं उत्तर स्पष्ट आहे : सध्या चेंबर रिकामं. तुम्हाला जी धास्ती वाटते ती योग्य जागी आहे, मित्रांच्या टोमण्यांनी ती मोडू देऊ नका.

मग ठरवायचं कधी? जुने जाणते एक पद्धत सांगतात आणि ती मला पटते. घरातल्या घरात, मुलं जवळ नसताना, पूर्ण रिकामं पिस्तूल स्लाइड एकदा ओढून होल्स्टरमध्ये घाला आणि कपड्याखाली लावून नेहमीची कामं करा. रात्री काढल्यावर तपासा : ट्रिगर जसाच्या तसा पुढे आहे, की दिवसभरात कधीतरी ओढला गेला? काही आठवडे एकदाही ओढला गेला नाही, तर होल्स्टरवर विश्वास ठेवायला आधार मिळाला. या काळात प्रशिक्षकासमोर काढणं आणि परत ठेवणं शेकडो वेळा घडू द्या. मग त्यांच्याशी बोलून निर्णय घ्या. (काही ठिकाणी कायदा किंवा परवान्याच्या अटीच भरलेलं चेंबर, किंवा लपवून बाळगणंच, मान्य करत नाहीत. तुमच्या परवान्यावरची प्रत्येक ओळ वाचा. बरेसचा तुरुंगवास आठवा.)

एक बारीक गोष्ट, जी प्रशिक्षणात सहसा कोणी सांगत नाही. रोज सकाळी तेच काडतूस चेंबरमध्ये भरायचं आणि रात्री काढायचं, असं करत राहिलात तर प्रत्येक वेळी गोळीचं नाक आतल्या उतारावर आपटतं आणि गोळी काडतुसाच्या कवचात हळूहळू मागे दबत जाते. कवचातली जागा कमी झाली की बार उडताना दाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो. काढलेलं काडतूस एका नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा. बुटकं दिसलं तर पुन्हा भरायचं नाही, बाजूला काढायचं. आणि मुळात भरणं-रिकामं करणं जितकं कमी तितकं बरं, कारण घरातले कितीतरी अपघात याच कामात होतात. ते काम नेहमी एकाच ठरलेल्या जागी करा, नळीचं तोंड अशा दिशेला ठेवून जिथे गोळी सुटलीच तर अडेल आणि पलीकडे कोणी नसेल. मॅगझीन आधी काढायचं, चेंबर नंतर. उलट केलंत तर स्लाइड पुढे येताना पुढचं काडतूस चेंबरमध्ये घेऊन जाते आणि तुम्ही रिकामं समजून ट्रिगर दाबता.

जेफ कूपर या अमेरिकी मरीन अधिकाऱ्याने १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तुलाची शाळा काढली. त्यांनी घडवलेले चार नियम आज जगभर शिकवतात : प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरा. ज्याचा नाश करायचा नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम ठरेपर्यंत बोट ट्रिगरवर नेऊ नका. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे जाणून घ्या. तुम्हाला हे शिकवलं असेलच. मला एवढंच म्हणायचंय की हे नियम रेंजपेक्षा बेडरूममध्ये जास्त लागतात, रात्री अकरा वाजता, कपडे बदलताना, डोळ्यांवर झोप असताना.

लॅपटॉपच्या बॅगेला माझा ठाम नकार आहे. बॅग आपण खाली ठेवतो, गाडीत विसरतो, दुसऱ्याच्या हातात देतो. शिवाय मागच्या वर्षी चोरांनी नेमकी बॅगच नेली होती. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत प्रवाशांकडे ६,७३७ बंदुका सापडल्या, शंभरातल्या नव्वदहून जास्त भरलेल्या. पकडल्यावर हमखास ऐकू येतं ते ‘बॅगेत आहे हे विसरलोच’. आणि ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोमधल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात जे घडलं ते तुमच्या बायकोलाही माहीत असू द्या. एक तरुण आई, परवानाधारक, शस्त्रासाठी खास कप्पा असलेली पर्स. ती पर्स ट्रॉलीत, शेजारी तिचा दोन वर्षांचा मुलगा. त्याने कप्प्याची चेन उघडली, पिस्तूल हातात घेतलं आणि गोळी आईला लागली. ती जागीच गेली. तुमचा मुलगा त्याच्याहून एका वर्षाने मोठा आहे, त्याच्या बोटांत त्या मुलाहून जास्त ताकद आहे.

म्हणून घरात पिस्तूल दोनच जागी असू शकतं : तुमच्या अंगावर होल्स्टरमध्ये, किंवा कुलपात. कपाटाचा वरचा खण, कपड्यांची घडी, उशीखाली, पलंगामागे या जागा मुलांना तुमच्याआधी माहीत असतात. लोखंडी पेटी घ्या, ती भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की करा, म्हणजे उचलून नेता येणार नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. पेटीचा आकडा मुलीच्या वाढदिवसाचा ठेवू नका. सहा वर्षांच्या मुलीला तो पाठ असतो. मुलीला एवढं शिकवा : कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. पण तिच्या शहाणपणावर विसंबू नका. उत्सुकतेपुढे लहान मुलांची शिकवण टिकत नाही. कुलूप टिकतं.

घराबाहेर आणखी एका जागी सावध राहा : शौचालय. पट्टा सैल करावा लागतो, पिस्तूल काढून टाकीवर किंवा खुंटीवर ठेवलं जातं आणि राहून जातं. २०१५ मध्ये अमेरिकी संसदेच्या इमारतीत पोलिसांचीच पिस्तुलं शौचालयात राहिलेली सापडली, त्यातलं एक तर लहान मुलाला. उपाय सोपा आहे. पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही. पँट खाली करताना होल्स्टरसकट पँटच्या आत, मांडीच्या पातळीवर राहू द्यायचं.

दिसू नये म्हणून फार काही लागत नाही. शर्ट एक माप मोठा, गडद किंवा नक्षीचा, न खोचलेला. सगळ्यात जास्त उघडं पाडतो तो आपलाच हात, दर दोन मिनिटांनी चाचपणारा. आणि कोणाला सांगू नका. ते मित्र, ज्यांची दोन मतं आहेत, त्यांना खरं तर कळायलाच नको होतं.

दारूच्या एका घोटावरही पिस्तूल अंगावर नको. औषधांनी गुंगी येत असेल तरी नको.

आता चाकूवाल्या त्या रात्रीबद्दल. तुमच्या पत्रात कुठेतरी अशी खंत दिसते की पिस्तूल असतं तर बॅग वाचली असती. मला वाटतं तुम्ही त्या रात्री अगदी बरोबर वागलात. बॅग दिली, जखम न होता घरी आलात. तेव्हा पिस्तूल असतं तर समोर दोन माणसं, एकाच्या हातात चाकू, अंतर हातभर, आणि तुमचा हात शर्टाखाली चाचपडतोय. टुलर यांचा दीड सेकंद तिथे तुमच्या बाजूचा नव्हता. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या चकमकींचा अभ्यास रँड या संस्थेने केला. दोन्हीकडून गोळीबार झाला तेव्हा पोलिसांच्या शंभरातल्या साधारण १८ गोळ्या लक्ष्याला लागल्या. ही रोज वर्दीत असणारी माणसं. बाकीच्या ८२ गोळ्या कुठेतरी गेल्याच, आणि रस्त्यावर त्या ‘कुठेतरी’मध्ये माणसं असतात.

म्हणून आताच, घरी बसून ठरवा. पैशासाठी पिस्तूल काढायचं नाही, बॅग देऊन टाकायची. पळणाऱ्यावर गोळी नाही. कोणाला दम भरायला दाखवायचं नाही, हवेत बार काढायचा नाही. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात खाली येते. रस्त्यातल्या भांडणात, गाडी घासल्यावर, कोणी आईवरून शिवी दिली तरी आवाज चढवायचा नाही. पिस्तूल असलेल्या माणसाने भांडणातून सगळ्यात आधी निघायचं असतं, कारण तिथे किमान एक शस्त्र आहे हे त्याला एकट्यालाच माहीत असतं. तुमचा किंवा तुमच्या माणसाचा जीव आत्ता, या क्षणी जातोय आणि निसटायला वाट नाही, एवढीच एक वेळ उरते. ती आलीच तर नंतर शस्त्र दूर ठेवायचं, मदतीला फोन करायचा, आणि पोलिस येतील तेव्हा दोन्ही हात रिकामे आणि दिसतील असे. पोलिसांनी नुसतं गाडी अडवून विचारलं तरी आधी तोंडाने सांगा, हात कमरेकडे नेऊ नका.

यापेक्षा जास्त संरक्षण तुम्हाला रोकड कमी नेण्याने मिळेल. परतीची वेळ रोज एकच ठेवू नका, रस्ता बदला, जमेल तेव्हा कोणाला बरोबर घ्या, पैसे दिवसाउजेडी भरा. रक्तस्राव थांबवायचा आवळपट्टा बॅगेत ठेवा आणि तो बांधायला शिका. पिस्तुलापेक्षा तो वापरायची वेळ येण्याची शक्यता जास्त आहे, निदान एखाद्या अपघातग्रस्तासाठी.

राहिली तुमची बायको. तिची काळजी निराधार नाही. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःचं पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या सुमारे आठपट निघालं, बायकांत त्याहून कितीतरी जास्त. तुम्ही तसे नाही, हे मला मान्य. पण धंदा बुडाला, कोणी गेलं, झोप उडाली, असे महिने कोणाच्याही आयुष्यात येतात, आणि अशा महिन्यात हाताशी असलेलं पिस्तूल विचाराला वेळ देत नाही. तेव्हा आज, मन शांत असताना, तिच्याशी एक गोष्ट ठरवून टाका : घरात दोघांपैकी कोणाचंही बिनसलंय असं दुसऱ्याला वाटलं, तर कारण न विचारता पिस्तूल कायद्याने जिथे जमा करता येतं तिथे जमा होईल. हा हक्क तिला आधी द्या.

तिला पटवून द्यायला बसू नका. हे उत्तर दोघांनी मिळून वाचा. पेटी कुठे बसवायची ते तिला ठरवू द्या. पिस्तूल सुरक्षितपणे रिकामं कसं करायचं ते तुमच्या प्रशिक्षकाकडून तिलाही शिकू द्या, तिची इच्छा असेल तर. आणि सगळं ऐकून, बघून, तरीही ती नको म्हणाली, तर परवाना परत करणं हाही एक निर्णय आहे, आणि दोन लहान मुलांच्या घरात तो मला कमीपणाचा अजिबात वाटत नाही.

होल्स्टर, पट्टा आणि पेटी या तिन्ही गोष्टी घरात येईपर्यंत पिस्तूल रिकामं करून कुलपात ठेवा आणि रात्री रोकड आणू नका. प्रशिक्षकाची वेळ ठरली की त्यांना आधी परत ठेवण्याचा सराव मागा. नेम नंतर शिकता येईल.